सरकारी सिंह, खासगी सिंह

ज्या माणसाने उभी हयात पहाटे साडेचारचा गजर लावून बदलापूरहून लोकल पकडली, तो सुट्टीत कुठे जाईल? जिथे कुणी उठवायला नाही अशा जागी, असंच कुणीही म्हणेल. मी घराचे हप्ते फिटल्यावर उरलेले पैसे आणि बायकोच्या भिशीचे पैसे एकत्र करून दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी अभयारण्यात गेलो. तिथे पहाटे पाच वाजता एक धिप्पाड रेंजर दार ठोठावून मला उठवायला लागला. वर हसून 'गुड मॉर्निंग' म्हणाला. बदलापूरचा गजर निदान फुकट वाजतो आणि हसत नाही.

"एवढ्या पहाटे कशाला?" मी अंगावर घोंगडी ओढून विचारलं.

"प्राणी पहाटेच हिंडतात. ऊन चढलं की झोपतात."

"आणि सिंह?"

"सिंह? तो काय, दिवसातले वीस-वीस तास झोपतो."

म्हणजे जो वीस तास झोपतो त्याला झोपलेला बघण्यासाठी आम्ही पाचला उठायचं, आणि या सगळ्याचे एका रात्रीचे माणशी पन्नास हजारांच्या वर मोजायचे. हा हिशेब मी बायकोला सांगितला नाही. तिने तो विमानातच करून ठेवला होता.

टूरच्या माहितीपत्रकात 'खासगी अभयारण्यात दोन रात्री' असं ठळक छापलेलं होतं. अभयारण्य खासगी कसं असतं हे बदलापुरात कुणाला सांगता येईना. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर "प्राणी त्यांचे स्वतःचे असतात का?" असं विचारलं. तिथे गेल्यावर उलगडा झाला. क्रुगर नॅशनल पार्क हे सरकारी जंगल, 1926 पासूनचं, आणि आपल्या मोठमोठ्या जिल्ह्यांनाही भारी पडेल एवढं. त्याला लागून पश्चिमेला साबी सँड नावाचं खासगी मालकीचं जंगल आहे, साधारण 65,000 हेक्टरचं. दोघांच्या मधलं कुंपण 1993 मध्ये काढून टाकलं. त्यामुळे एखादा सिंह सकाळी सरकारी असतो, दुपारी खासगी होतो आणि रात्री मनात आलं की पुन्हा सरकारी सेवेत रुजू होतो. फरक एवढाच की सरकारी हद्दीत गाडीने रस्ता सोडायचा नाही आणि अंधार पडायच्या आत फाटक गाठायचं. खासगी हद्दीत मात्र उघडी गाडी झुडपं तुडवत थेट सिंहाच्या उशाशी नेतात, रात्रीसुद्धा.

"म्हणजे सिंह तोच, फक्त प्रॅक्टिस खासगी," अंबरनाथचे काका म्हणाले. सरकारी डॉक्टरांचा अनुभव त्यांना दांडगा.

आमच्या गाडीत तीन गावं होती. बदलापूरचे आम्ही दोघं. अंबरनाथचे काका-काकू, काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे लोखंडाची कुठलीही वस्तू हातात घेऊन उलटी करून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. आणि उल्हासनगरचे शेठ-शेठाणी, जीन्सचा घाऊक व्यापार. शेठना मराठी आपल्यापेक्षा चांगलं येतं, पण भाव करताना ते सिंधीवर जातात. टूरमधली बाकीची मंडळी पुण्याची होती. ती दुसऱ्या गाडीत होती, त्यांच्याविषयी पुढे येईलच.

निघण्याआधी टूरवाल्यांनी सूचनांची यादी पाठवली होती. त्यात निळे कपडे घालू नयेत, निळ्या रंगावर त्से-त्से माशी येते, असं होतं. माझ्याकडचं एकमेव बरं जाकीट निळं. मग उल्हासनगरला जाऊन नखशिखान्त खाकी घेतलं. पँटला इतके खिसे होते की पासपोर्ट त्यातल्या एकात आहे एवढंच मला विमानतळावर खात्रीने सांगता येत होतं. मागची माणसं खोळंबली होती आणि मी स्वतःची झडती घेत होतो. शेठनी ती पँट जोहान्सबर्गला ओळखली, कंबरेचं लेबल वाचलं आणि नुसते हसले. ते लेबल कुठल्या यूएसएचं, हे ठाणे जिल्ह्यात कुणी कुणाला विचारत नाही.

साबी सँडला पोचल्यावर मी रेंजरला त्से-त्से माशीबद्दल मोठ्या जाणकारपणे विचारलं.

"त्से-त्से? इथे नाही ती. 1896 मध्ये गुरांचा बुळकांडी रोग आला, गुरं मेली, रानरेडे मेले, माशीला प्यायला रक्तच उरलं नाही. तेव्हाच संपली."

"म्हणजे निळं चाललं असतं?"

"हो की."

सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माशीला घाबरून मी खाकी झालो होतो. त्यातून तिथली मेमधली पहाट म्हणजे हाडं गोठवणारी. बदलापुरात त्याच वेळी पारा चाळिशीच्या पुढे होता आणि इथे मी घोंगडी, मफलर आणि माकडटोपी घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चहा घेताना एक खरंखुरं माकड आलं, टेबलावरचा खाकरा त्याने हुंगून परत ठेवला आणि माकडटोपी घेऊन गेलं. नावाप्रमाणे ती त्याचीच होती, त्यामुळे मी तक्रार केली नाही. खाकरा परत ठेवल्याचा अपमान मात्र बायकोला अजून विसरता आलेला नाही.

आल्या आल्या एक फॉर्म भरून घेतात. प्राण्याने खाल्लं, तुडवलं, शिंगावर घेतलं तर जबाबदारी आमची नाही, असा त्याचा मथितार्थ. आम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. काकांनी मात्र चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, "यात नॉमिनीचा रकाना कुठाय?"

ती मुलगी मॅनेजरला बोलवायला गेली. मॅनेजर आले. त्यांनी "वेलकम टू अवर कॅम्प" म्हणताच शेठ पुढे झाले.

"कॅम्प? आम्ही पण कॅम्पमध्येच राहतो साहेब. कॅम्प तीन."

आता साबी सँडच्या मॅनेजरना कसं माहीत असणार की उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्कराची छावणी, फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं तिथल्या बराकीत राहिली, 1949 मध्ये गावाला नवं नाव मिळालं आणि तरी आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाचच सांगतात? मॅनेजरना वाटलं शेठची टांझानियात वगैरे स्वतःची लॉज आहे. त्यांनी अदबीने विचारलं, "तुमच्या कॅम्पमध्ये किती गेस्ट असतात?"

"गिनती नाही," शेठ म्हणाले. "आणि जात पण नाहीत."

पुढे दोन दिवस शेठना सगळा स्टाफ धंद्यातला माणूस म्हणून वेगळा सलाम करायचा.

सफारीची गाडी म्हणजे छप्पर नाही, दारं नाहीत, एकाहून एक उंच अशा तीन रांगा. समोर बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एक खुर्ची ठोकलेली. तिच्यावर ट्रॅकर बसतो, शांगान माणूस, नजर अशी की धावत्या गाडीतून, रात्री, टॉर्चच्या उजेडात त्याने फांदीवरचा सरडा दाखवला. मला तो गाडी थांबवून, बोट धरून, फांदी हलवूनही दिसला नाही. "दिसला दिसला" म्हणालो. आमच्या गाडीतले सगळेच म्हणाले. मागाहून कळलं की काकूंना दिसला तो सरडा नव्हता, पान होतं, आणि त्याचे त्यांनी फोटोही काढले होते.

त्या गाडीत मधली रांग चांगली, मागची उडते. हे पहिल्या फेरीत सगळ्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशीसाठी काकूंनी रात्रीच जाऊन मधल्या रांगेत ओढणी टाकून ठेवली. कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला टाकलेल्या कापडाचा अर्थ समजावा लागत नाही. लॉजच्या स्टाफला मात्र तो कळला नाही. त्यांनी ती विसरलेली ओढणी उचलली, धुतली, इस्त्री केली आणि पहाटे चांदीच्या तबकातून, सोबत एक फूल ठेवून, काकूंच्या खोलीवर पोचवली. काकू तबक घेऊन कौतुकात उभ्या राहिल्या तोवर मधल्या रांगेत शेठाणी बसल्या होत्या.

काकांचं लक्ष सीटकडे नव्हतंच. त्यांचं लक्ष रेंजरच्या डॅशबोर्डवर आडव्या ठेवलेल्या रायफलीकडे होतं. "थ्री सेव्हन्टी फाइव्ह का?" त्यांनी विचारलं. रेंजर हो म्हणाला. मग तासभर त्या माणसाची परीक्षा चालली. नळी कशाने पुसता, तेल कुठलं, शेवटची कधी झाडली. रेंजर म्हणाला, प्राण्यावर एकदाही नाही. "मग गंज धरत असेल," काका हळहळले. उजवीकडे हत्तींचा कळप बाभळी मोडत होता, एकेक हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या वर चारा खातो असं रेंजर सांगू पाहत होता, आणि काका वाकून बोल्ट बघत होते.

त्यांना खूश करायला रेंजरने हॅरी वोल्हुटरची गोष्ट काढली. हा तिथला जुना रेंजर. 1903 मध्ये घोड्यावरून जाताना सिंहाने त्याला खाली ओढला, उजवा खांदा तोंडात धरून फरफटत नेला, आणि या गड्याने डाव्या हाताने कमरेचा सुरा काढून सिंहाला भोसकून मारलं. सुरा अजून क्रुगरच्या स्कुकुझा गावात जपून ठेवलाय. आम्ही सगळे गार. काकूंनी हात जोडले.

काका म्हणाले, "पोलाद कुठलं होतं?"

खरा वैताग पुढेच होता. आम्ही सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा या पाचांचे पैसे भरले होते. पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी निवडलेले हे पाच. पर्यटकांनी ती यादी जशीच्या तशी उचलली आणि बंदुकीऐवजी मोबाइल रोखला. पण आमच्या रेंजरचा जीव शेणात. दर दहा मिनिटांनी गाडी थांबायची. आम्ही कॅमेरे सरसावायचो. तो उतरायचा, काडीने शेण उकरायचा आणि प्रसन्न चेहऱ्याने व्याख्यान द्यायचा. गेंड्याचा नर ठरलेल्या एकाच जागी जातो आणि मागच्या पायांनी ते पसरवतो, म्हणजे बाकीच्यांना हद्द कळावी. पांढरा गेंडा गवत खातो, काळा फांद्या, त्यामुळे काळ्याच्या शेणात तिरक्या कापलेल्या काड्या दिसतात. हत्तीला खाल्लेल्यातलं निम्मंही पचत नाही. रस्त्यात शेणकिडा गोळी लोटत चालला होता तर त्याच्यासाठी आमची गाडी पूर्ण बंद करून उभी केली. मागे पुण्याची गाडी. तिने हॉर्न दिला नाही, पण तिच्यातून एक आवाज आला: "आमच्या रेंजरने काल सिंह दाखवला."

"किती झाले आपले?" शेठाणींनी विचारलं.

"हत्ती आणि रानरेडा. दोन."

"आणि शेण?"

शेण पाचांचंही झालं होतं.

मग सकाळच्या कॉफीची वेळ. रानात मधेच गाडी थांबवून बॉनेटसमोर टेबल मांडतात, कॉफी आणि कडक टोस्टासारखा रस्क देतात. रस्क बुडवल्याशिवाय खाता येत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. कपात निम्मा रस्क तुटून बुडाल्यावर चमचा मागण्याची आमची एकजूट बघून एक जर्मन जोडपं हलून गेलं. जवळच नदीकाठी गर्द झाड होतं. रेंजर म्हणाला, हे वॉटरबेरी. काकू उठल्या, पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाल्या, "जांभूळ आहे हो हे!" रेंजरने पुस्तक उघडलं. दोन्ही एकाच वंशातली निघाली, सिझिजियम. दोन दिवसांत आमच्यापैकी कुणी त्याला गप्प केलं असेल तर ते काकूंनी. मी लगेच बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं सांगून टाकलं. काका मागे राहतात कसले? "आमचं शिवमंदिर 1060 सालचं आहे," ते म्हणाले. याचा झाडाशी काही संबंध नव्हता, पण अंबरनाथचा माणूस तीन मिनिटांहून जास्त वेळ देवळाचा विषय टाळू शकत नाही.

वातावरण सैल झालेलं बघून रेंजरने खाली पडलेली हरणाची वाळलेली लेंडी उचलली, तोंडात टाकली आणि लांब थुंकली. आम्ही हादरलो. तो म्हणाला, हा इथला खेळ आहे, लेंडी कोण लांब थुंकतो त्याचा. कुडू हरणाच्या लेंडीचा विक्रम 15 मीटरच्या वर गेलाय.

"तुमच्यातलं कोण येतं?"

"गाईचं असतं तर विचार केला असता," काका म्हणाले.

शेठनी शांतपणे खिशातून सुपारीची डबी काढली. एक खांड जिभेवर घोळवलं, एक पाय मागे घेतला, मान किंचित तिरकी केली आणि सोडलं. खांड टेबलावरून, कॉफीच्या किटलीवरून, वाळवीच्या वारुळावरून गेलं आणि पलीकडच्या गवतात पडलं. ट्रॅकर खुर्चीतून उठून उभा राहिला. जर्मन जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

"सराव कुठे करता?" रेंजरने विचारलं.

"प्लॅटफॉर्म दोन," शेठ विनयाने म्हणाले.

त्या रात्री जेवणाला आमची गाडी प्रथमच ताठ मानेने बसली. फार टिकलं नाही ते. पुण्याच्या टेबलावर पाचही प्राणी झाले होते, शिवाय रानकुत्रे. "तुम्ही नदीच्या बाजूने गेलात तिथेच चुकलं," त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले. त्या देशात येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. रात्री एकट्याने खोलीवर जायला बंदी, सोबत पहारेकरी टॉर्च घेऊन येतो. आमच्या काकूंनी मेतकुटासाठी त्याला आमच्या खोलीवर, शेठाणींनी पापडासाठी काकूंच्या खोलीवर आणि मी टोपीची चौकशी करायला रिसेप्शनवर असं इतक्या वेळा फिरवलं की त्या जंगलात त्या रात्री सगळ्यात जास्त चाललेला प्राणी तोच असेल.

शेवटच्या फेरीला यादीत फक्त बिबळ्या उरला होता. सिंह दुपारी दिसला. झोपलेला होता, एकदा कूस बदलली, आम्ही त्याचा व्हिडिओ घरी पाठवला आणि बायकोच्या बहिणीचं उत्तर आलं, 'भाऊजी का?' गेंडाही मिळाला, पाठमोरा. आता रेंजर वायरलेसवर शांगान भाषेत काहीतरी बोलला. पाहुण्यांना कळू नये, उगाच आशा लागू नये म्हणून ते प्राण्यांची नावं त्यांच्या बोलीत घेतात. पण फाटक्या स्पीकरमधून 'कर्जतकडे जाणारी धीमी गाडी' ओळखण्यात आमची उमर गेलेली.

"'इंग्वे' म्हणाला! बिबळ्या!" माझी बायको ओरडली. रेंजरचा चेहरा पडला.

पण तिथे नियम असा की एका प्राण्यापाशी एका वेळी तीनच गाड्या. चौथीने लांब थांबायचं, आधीची निघाली की जायचं. आम्ही चौथे. पुढे तिसऱ्या नंबरला पुण्याची गाडी. अर्धा तास गेला. आत बसलेला माणूस लवकर उतरत नाही, आणि पुण्याचा असेल तर बघायलाच नको. शेठ रेंजरला म्हणाले, "काही ओळख काढा ना." काकूंनी समोरून परत येणाऱ्या पहिल्या गाडीतल्या परदेशी बाईला थेट विचारलं, "उतरला का हो तो झाडावरून?" तीही मान हलवून नाही म्हणाली. मराठी कळलं असेल असं नाही, काकूंच्या चेहऱ्यावरच सगळं होतं.

अखेर नंबर लागला. मारुलाच्या झाडावर, इतक्या उंच की मान मोडावी, बिबळ्याचं शेपूट लोंबत होतं. बाकीचा बिबळ्या पानांत होता. आम्ही शेपटाचे सत्तर-ऐंशी फोटो काढले.

"हा तर 2019 मध्ये आमच्याकडे कॅम्प पाचला आला होता," शेठ म्हणाले. "जानेवारीत. बंगल्यात शिरला होता, सीसीटीव्हीत पूर्ण दिसतो. तोंडासकट."

रेंजरने गर्रकन मागे वळून बघितलं. "तुम्ही मुंबईचे?"

मुंबईचे म्हटलं तर बदलापूरकर नाही कधी म्हणत नाही. रेंजरने इंजिन बंद केलं. त्याचे डोळे चमकायला लागले. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, जेमतेम 104 चौरस किलोमीटर, चारही बाजूंनी इमारती आणि आत पन्नासच्या आसपास बिबळे. हे सगळं त्याला पाठ होतं. रात्री सोसायटीच्या भिंतीवरून जाणाऱ्या बिबळ्यांच्या फिल्म त्याने बघितल्या होत्या. तिथे जाणं हे त्याचं आयुष्यातलं स्वप्न आहे, त्यासाठी पैसे साठवतोय, म्हणाला.

"तुम्ही किती वेळा गेलात?"

आमच्यापैकी कुणीच उत्तर दिलं नाही. काकू शाळेच्या सहलीला गेल्या होत्या, त्यात त्यांना टॉय ट्रेन तेवढी आठवत होती.

"तुमच्या घरापासून कसं जायचं?" त्याने डायरी काढली.

आणि तिथे आमची गाडी पेटली. मी म्हटलं, दादरला उतरून वेस्टर्न पकडायची, सरळ हिशेब आहे. शेठ म्हणाले, दादर कशाला, दिव्याला वसईची गाडी मिळते, मागे बोरिवलीला यायचं. काका म्हणाले, दोघंही वेडे आहात, ठाण्याला उतरायचं आणि घोडबंदरवरून बस. त्यांनी टिपसाठी आणलेलं पाकीट उलटं केलं आणि त्यावर पेनने रेषा ओढायला सुरुवात केली. मी दिव्याच्या गाडीच्या वेळा विचारल्या, शेठना त्या माहीत नव्हत्या, आवाज चढले. रेंजर तिघांचंही लिहून घेत होता.

बॉनेटवरच्या ट्रॅकरने हात वर केला. बिबळ्या झाडावरून उतरून, अख्खाच्या अख्खा, तोंडासकट, गाडीच्या डाव्या चाकाजवळून चालला होता.

"अहो, बिबळ्या!" काकू कुजबुजल्या.

"बघतो गं, एक मिनिट," काका पेन न थांबवता म्हणाले. "हे बघा साहेब, दादरला उतरलातच, तर मधल्या पुलाने अजिबात जाऊ नका..."